तो ट्रॅक्टर स्वातंत्र्यापूर्वीचा नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात सांगलीच्या कृषी प्रदर्शनातल्या जुन्या ट्रॅक्टरचा फोटो पाहिला. फोटो झकास, पण खालची 'स्वातंत्र्यापूर्वीचा विलायती ट्रॅक्टर' ही ओळ चुकली आहे. तो इंटरनॅशनल बी-२७५ आहे. आमच्या मळ्यात हा ट्रॅक्टर वीस-बावीस वर्षं राबला, त्यामुळे नुसत्या बोनेटवरूनही ओळखता येतो.

हे मॉडेल इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या कारखान्यातून निघालं १९५८ साली. पुढे महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ मध्ये इथे कंपनी काढली आणि १९६५ पासून हाच ट्रॅक्टर मुंबईत कांदिवलीला बनू लागला. आमचा तिथलाच.

ताकद ३५ अश्वशक्ती, डिझेल इंजिन चार सिलिंडरचं, जेमतेम २.४ लिटरचं. चार गिअर आणि हाय-लोचा दांडा, म्हणजे पुढे ८ आणि मागे २. उसाचा खोडवा मोडायला लो दुसरा टाकला की कृष्णाकाठच्या चिकण काळ्या रानातही गडी मान खाली घालून चालायचा. शेजारच्या मळ्यात मॅसी ३५ होता, तीन सिलिंडरचा. दोघांचा आवाज एवढा वेगळा, की कुणाचं नांगरट सुरू झालं ते आजी चुलीपाशी बसून सांगायची!

खोड एकच, थंडीत हीटर दिल्याशिवाय उठायचा नाही. डॅशबोर्डवरची बारकी तार लालभडक झाली की मगच स्टार्टर मारायचा. आम्हा पोरांचं काम ती तार बघत बसायचं. घाई केली की बॅटरी बसायची, आणि मग उतारावर ढकलत न्यायला सगळी आळी.

आता फोटोतला ब्रॅडफर्डचा की कांदिवलीचा? ते सांगणारी नंबरची पट्टी रंगाखाली गेलेली दिसते. हौसेने रंग मारताना हे हमखास होतं. मालकांपर्यंत निरोप पोचवता आला तर पाहा: पट्टीवरचा रंग थिनरच्या बोळ्याने हळूहळू काढावा. पॉलिश पेपर अजिबात मारू नये, आकडे जातात. पट्टी वाचता आली तर पुढच्या फोटोखाली खरं गाव छापा.

आपला,
एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली