पास झालेल्या बायकांकडे पुन्हा कोण जाणार?

महोदय,

'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात मी स्वयंसेविका म्हणून शिकवते. आमच्या ओसरीवर अकरा बायका यायच्या, बहुतेक साठीच्या पुढच्या. नऊजणी चाचणीत पास झाल्या. प्रमाणपत्रं मिळाली, फोटो निघाले आणि वर्ग बंद झाला.

सहा-सात महिन्यांनी बचत गटाच्या बैठकीत त्यांच्यापैकीच एका काकूंनी अंगठ्यासाठी शाईचा पॅड मागितला. मी पेन पुढे केलं. नावाची पहिली दोन अक्षरं आली, तिसऱ्याला हात थांबला. "बाई, इसरले बघा," म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांची काय चूक? वर्ग सुटल्यापासून वाचावा असा कागदच त्यांच्या हाती पडला नव्हता.

वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० अशी ही १५० गुणांची चाचणी. ती हवीच. पण आमच्या कामाचं मोजमाप तिथेच संपतं. किती नोंदले, किती बसले, किती पास, एवढेच रकाने आम्ही भरतो. एसटीची पाटी वाचता येते का, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख कळते का, हे विचारायला पुन्हा कोणी येत नाही.

आखणीतही गावाला विचारायला हवं. १७ मार्च २०२४ ला राज्यात चाचणी झाली. आमच्या वाईकडे त्या सुमारास हळद काढणं, शिजवणं चालू असतं. दिवसभर रानात राबलेली बाई रात्री पाटी घेऊन बसते तेव्हा तिला डुलकी लागते, हे मी रोज पाहिलं आहे.

याच सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. पण शिकलेलं टिकावं म्हणून पुढचा टप्पाही आखलेला होता, फिरत्या वाचनालयांचा. तो धडा आपल्या घरातलाच आहे.

म्हणून माझी शिक्षण विभागाला कळकळीची विनंती आहे. सहा महिन्यांनी आणि वर्षाने प्रत्येक पास झालेल्या व्यक्तीची घरी जाऊन भेट घ्यावी, आणि त्या भेटीचा रकाना अहवालात असावा. ठळक टायपातली पंचवीस-तीस पुस्तकं गावच्या शाळेत ठेवावीत. आठवड्यातून एक संध्याकाळ आम्ही स्वयंसेविका बिनपैशाने देऊ. काकू आता दर गुरुवारी पुन्हा येतात, त्यांच्यासाठी मी सध्या नातवाची पहिलीची पुस्तकं वापरते.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. वाई, जि. सातारा