मुलगा येवो न येवो, घरच्यांनी यावे

पेडणे तालुक्यातील ग्रामस्थ बंधू-भगिनींना आमच्या ग्राम वाचनालयाचे आणि महिला मंडळाचे आवाहन.

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेले असताना 'त्याला जरा बरे नाही' असे सांगून आतल्या खोलीत झोपवून ठेवलेला तरुण मुलगा आता एखाद-दुसऱ्या घरातला राहिलेला नाही. कुठे दारू, कुठे गांजा, किनाऱ्याकडे कुठे गोळ्या आणि पावडर. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत गोवा आहे, सुमारे २८ टक्के. हा आकडा लहानथोर सगळ्यांचा मिळून असला, तरी आमची मुले वाढतात ती याच घरांत.

उपचारांची सोय आहे. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. अडते ते त्याच्या आधी. मुलगा म्हणतो, 'मला काही झालेले नाही,' आणि पाऊल उचलत नाही. मग बाबा हात उगारतात, आई रडते आणि गुपचूप पैसेही देते, आजी देवाला गाऱ्हाणे घालते, मामा येऊन शपथ घ्यायला लावतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. यातले प्रत्येक माणूस मायेपोटी धडपडते आहे, पण काय केले तर उपयोग होतो हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

ते शिकता येते. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचारांना नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० नातेवाइकांना तीन वेगवेगळ्या प्रकारे मदत दिली गेली. ज्यांना घरी कसे वागावे याचे प्रशिक्षण मिळाले, त्यांच्यापैकी ६४ टक्के जणांचा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते. ते मद्यपी मोठ्या वयाचे होते, पण ओरडण्यापेक्षा शिकलेले वागणे जास्त कामी येते हे त्यातून दिसते. प्यायलेला असताना वाद घालायचा नाही. शुद्धीत असतो त्या वेळी त्याच्याजवळ बसायचे, आवडीचे करून घालायचे. त्याची उधारी आपण फेडायची नाही, कॉलेजात खोटे कारण कळवायचे नाही. आणि उपचारांची गोष्ट काढायची ती त्याला स्वतःलाच पश्चात्ताप होत असेल त्या घटकेला.

घरच्यांना स्वतःलाही आधार लागतो. पर्वरीच्या 'संगत' संस्थेतील संशोधकांनी व्यसनग्रस्तांच्या कुटुंबीयांसाठी पाच टप्प्यांची पद्धत गोव्यातच वापरून पाहिली आहे : आधी ऐकून घेणे, मग माहिती देणे, तोंड देण्याचे मार्ग तपासणे, आधाराची माणसे शोधणे आणि पुढे काय लागेल ते ठरवणे. हे काम डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य माणसांनी केले. आम्हाला धीर आला तो इथे.

म्हणून दर शनिवारी संध्याकाळी 'कुटुंब बैठक' सुरू करायची आहे. मुलगा किंवा मुलगी आली नाही तरी चालेल, घरच्यांनी यावे. इथले बोलणे बाहेर जाणार नाही.

दोन गोष्टी आजच सांगून ठेवतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला एकाएकी खोलीत कोंडून दारू तोडू नका. थरकाप, झटके, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते व्हावे. आणि पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (१९८५) कलम ६४-अ मध्ये, स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वखुशीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. मोफत सल्ल्यासाठी राष्ट्रीय क्रमांक १४४४६.

आता आपल्याकडून हवे ते. सर्वांत आधी माणसे : निवृत्त शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी ताई, किंवा ज्यांच्यापाशी मन मोकळे करावेसे वाटते अशी कोणीही. व्यसनातून बाहेर आलेल्यांच्या घरच्यांनी पुढे आल्यास आम्ही ऋणी राहू, कारण त्यांचे ऐकले जाते. प्रशिक्षण अनुभवी समुपदेशकांकडून देऊ. वाचनालयाचे सभागृह आहे, पण बाजारपेठेत असल्याने बायका यायला कचरतात. रस्त्यापासून आत, दार लागणारी एखादी खोली कोणी शनिवारपुरती दिली तर फार मोठे काम होईल. संध्याकाळनंतर बस मिळत नाही, तेव्हा दूरच्या वाड्यांवरच्यांना घरी सोडायला गाडीवाले हवेत. पैसे लागतील ते समुपदेशकांचे मानधन व प्रवास, मराठी पुस्तिकेची छपाई आणि गरजूंच्या बांबोळीच्या फेऱ्यांसाठी. पन्नास रुपयेही चालतील, पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लागेल.

बारमालक बांधवांना वेगळी विनंती. गोव्यात २१ वर्षांखालील कोणालाही दारू देणे कायद्याने मना आहे. ओळखीचा पोरगा असला तरी नाही म्हणा. देवस्थान समित्यांनी आणि भजनी मंडळांनी संध्याकाळी पोरांना पखवाज, हार्मोनियम हाताळू द्यावे, चुकले तरी हाकलू नये.

पहिली बैठक चतुर्थीनंतरच्या पहिल्या शनिवारी सायंकाळी ५ वाजता. नावे व देणग्या वाचनालयात रोज सायंकाळी ५ ते ७ या वेळेत स्वीकारल्या जातील. नाव गुप्त ठेवायचे असेल तर तसे सांगा, पावती 'एक हितचिंतक' या नावाने मिळेल.