आकडा मोठा, पण पैसे हातात कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरची अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंच्या करारांची चौकट वाचली. हुआन सोटो ७६.५ कोटी डॉलर, शोहेई ओहतानी ७० कोटी. खाली शेरा, 'फरक फक्त साडेसहा कोटींचा'. धन्य आहे! एकाचा करार १५ वर्षांचा, दुसऱ्याचा १०. शिवाय ओहतानीच्या हातात दरसाल पडतात २० लाख. वर्षाचे उरलेले ६ कोटी ८० लाख २०३४ ते २०४३ मध्ये मिळायचे, तेही बिनव्याजी. म्हणून तर तिथल्या बेसबॉल लीगच्याच हिशेबात त्या ७० कोटींचे आजचे मोल सुमारे ४६ कोटी धरतात. सोटोचे असे मागे ठेवलेले काही नाही. एवढी एक ओळ छापायला जागा नव्हती, फोटो मात्र तीन कॉलमी.

मला झोंबले, कारण २०१२ साली मी माझी हापूसची कलमे एका व्यापाऱ्याला पाच वर्षांच्या कराराने दिली होती, दिवाळी ते दिवाळी. पाच लाख! गावात बोभाटा. चार वर्षे वर्ष सरल्यावर २५-२५ हजार आणि शेवटच्या दिवाळीला चार लाख. शेजारच्या काकांनी सव्वाचार लाखांत दिली, तेव्हा मी हसलो होतो. त्यांना मात्र दरवर्षी सुरुवातीलाच ८५ हजार आगाऊ. बँकेतल्या भाच्याने कालनिर्णयच्या पाठीवर नऊ टक्के व्याज धरून कराराच्या दिवशीच्या मोलाचा हिशेब मांडला : काकांचे ३ लाख ६० हजार, माझे ३ लाख ४१ हजार. माझे शेवटचे चार लाखही व्यापाऱ्याने तुडतुड्या किडीचे रडगाणे गात मार्चपर्यंत लांबवले. ओहतानीचे ठीक आहे, जाहिरातींवर त्याचे पोट भरते.

जुना बेसबॉलपटू बॉबी बोनिया खरा हुशार. मेट्स संघाकडचे ५९ लाख डॉलर त्याने पुढे ढकलू दिले, पण आठ टक्के व्याज लावून. २०११ पासून दर १ जुलैला जवळपास १२ लाख घेतोय, २०३५ पर्यंत घेणार. त्याचा एजंट मला २०१२ साली भेटायला हवा होता.

जाता जाता : वाशीचे हापूसचे दर छापता, तेव्हा पेटी चार डझनांची की सहा, हे कधीच नसते. नुसत्या 'पेटी'वरून आम्ही माल पाठवायचा की घरात ठेवायचा? यंदा मोहोर धरायच्या आत तेवढे तरी लिहायला लागा.

आपला,
एक बागायतदार, देवगड