नॅशविलहून आबांना

नॅशविल, टेनेसी

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे एवढं गाणं-बजावणं चालतं म्हणतेस, पण बसून ऐकावं असं कोण आहे?" पोरांनी मध्येच फोन ओढून घेतला आणि उत्तर राहून गेलं. म्हणून निवांत लिहायला बसलेय.

माझं उत्तर एकच, ख्रिस स्टेपलटन. कंट्री म्युझिक, म्हणजे इथलं गावाकडच्या बाजाचं संगीत, त्यातला हा गायक आणि गीतकार. आणि त्यातही त्याचा पहिला अल्बम, 'ट्रॅव्हलर'. 2015 च्या मे महिन्यात आला. गाडीत, स्वयंपाकघरात, रात्री भांडी आवरताना माझं तेच चालू असतं.

पहिला अल्बम म्हटलं की डोळ्यांपुढे विशीतला पोरगा येतो. हा तेव्हा 37 वर्षांचा होता. केंटकीच्या पूर्वेकडचा, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखातला. वडील खाणीत इंजिनिअर. यालाही इंजिनिअर व्हायचं होतं. त्यासाठी तो इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आलाही होता, पण तिथे मन रमलं नाही. पुढे 2001 मध्ये तो पुन्हा नॅशविलला आला, तो गाणी लिहायला. थोड्याच दिवसांत एका प्रकाशन कंपनीनं त्याला गीतकार म्हणून बांधून घेतलं.

ही पद्धत तुम्हाला सांगायला हवी. इथे म्युझिक रो नावाचा भाग आहे. दोन-तीन रस्ते, दुतर्फा जुनी बैठी घरं, आणि त्या घरांमधून गाण्यांच्या कंपन्यांची ऑफिसं. गीतकार सकाळी कामावर जावं तसे तिथे जातात. दोघं-तिघं एका खोलीत गिटार घेऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत एखादं गाणं उभं करतात. कंपनी दरमहा उचल देते, ती पुढे गाण्याच्या कमाईतून वळती होते. लिहिलेलं गाणं मग एखादा नावाजलेला गायक उचलतो. ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं ते गायकाचं नाव. आपल्याकडे आकाशवाणीवर गाण्याआधी कवीचं नाव सांगायची रीत होती, तुम्ही आम्हाला ती नावं पाठ करायला लावायचात. इथल्या रेडिओवर गीतकाराचं नाव सांगत नाहीत, आणि मला ते फार खटकतं.

तर हा माणूस चौदा वर्षं असं दुसऱ्यांसाठी लिहीत राहिला. जॉर्ज स्ट्रेट, केनी चेस्नी, ल्यूक ब्रायन, इथले सगळे मोठे गायक त्याची गाणी गायले आणि ती पहिल्या क्रमांकाला गेली. मधली काही वर्षं तो 'स्टीलड्रायव्हर्स' नावाच्या मंडळीत ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडलवरचं इथलं लोकसंगीत, गायला, तेही सोडलं. 2013 मध्ये त्याच्या स्वतःच्या नावावर एक गाणं निघालं, ते चाललं नाही, आणि त्याच्याबरोबर तयार होत असलेला अख्खा अल्बम कंपनीनं गुंडाळून ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडील गेले.

त्याची बायको मॉर्गन, तीही गीतकार आणि गायिका. नवरा आतून ढासळलाय हे तिनं ओळखलं. तिनं त्याला 1979 सालची एक जुनी जीप घेऊन दिली. ॲरिझोनातल्या फिनिक्सला जाऊन दोघांनी ती ताब्यात घेतली आणि तिथून थेट नॅशविलपर्यंत चालवत आणली. दोन हजार किलोमीटरच्या वरचा पल्ला आहे, निम्मी वाट उजाड माळरानातून. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून जाताना, वडिलांचा विचार मनात घोळत असताना, गाडी चालवता चालवता त्याला ते 'ट्रॅव्हलर' गाणं सुचलं. त्यात वडिलांचं नावही नाही. आपण फक्त वाटसरू आहोत, एवढंच आहे. तुमच्या भजनी मंडळाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अल्बमचं बरंचसं काम आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या स्टुडिओ ए मध्ये झालं. हा 1965 पासूनचा भलामोठा हॉल, पूर्वी अख्खा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण व्हायचं. 2014 मध्ये तो पाडून तिथे फ्लॅट बांधायचं घाटत होतं. गावातले कलावंत त्याविरुद्ध एकवटले, आणि शेवटी एका गाणंवेड्या माणसानं पुढाकार घेऊन ती इमारत विकत घेतली, म्हणून वाचली. बाहेरून बघाल तर सरकारी कचेरी वाटेल.

डेव्ह कॉब हा निर्माता. त्याची रीत अशी की मंडळी मोजकी आणि सगळ्यांनी एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवायचं. आज बहुतेक ठिकाणी ढोल एका दिवशी, गिटार दुसऱ्या दिवशी, गायक तिसऱ्याच शहरात, आणि मग संगणकावर सूर सरळ करून घेतात. इथे तसं नाही. ख्रिस गातो, मॉर्गन त्याच्या डोळ्यांकडे बघत वरचा सूर धरते. तो ओळ लांबवतो तेव्हा तीही तितकीच लांबते, एक श्वास इकडे-तिकडे होत नाही. तुम्ही पेटीवर बसलात की बुवांच्या तोंडाकडे बघता ना, तसंच.

आता तिसरं गाणं. नाव 'टेनेसी व्हिस्की'. आबा, नाव ऐकून रागावू नका, हे गाणं दारूतून बाहेर पडलेल्या माणसाचं आहे. तुझ्या प्रेमानं मला गुत्त्यातून उचललं, असं तो म्हणतो. गाणं त्याचं नव्हे, डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह या दोघांनी लिहिलेलं, 1983 मध्ये जॉर्ज जोन्सनं गाजवलेलं. कार्यक्रमाआधी माइक तपासताना वादक एक ठेका घोळवत बसले होते, त्यावर यानं सहज हे जुने शब्द टाकले आणि चालीचा तोंडवळाच पालटला. सहा मात्रांचा संथ ठेका, अख्ख्या गाण्यात स्वरमेळ (कॉर्ड) फक्त दोन. एवढ्याशा जागेत तो काय करतो ते ऐका. 'व्हिस्की' या शब्दावर तो वरून खाली अशी सरसरत हरकत घेतो, आणि ती प्रत्येक वेळी थोडी वेगळी असते. गळा खरबरीत आहे, पण सूर कुठे ढळत नाही.

बाकी गाण्यांतून अधूनमधून जे मींड घेत रडल्यासारखं वाद्य ऐकू येईल, ते पेडल स्टील. टेबलासारखं आडवं असतं, डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवतात आणि पायानं पट्ट्या दाबून सूर चढवतात-उतरवतात. आमच्या गावात एका खानावळीत मी ते अगदी जवळून पाहिलं. वाजवणाऱ्याचे गुडघेसुद्धा काम करत असतात, टेबलाखाली त्यांच्यासाठी वेगळे दांडे असतात.

अल्बम आला तेव्हा समीक्षकांनी नावाजला, पण देशभरच्या खपाच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंतच गेला आणि पुढे यादीतून बाहेरही पडला. रेडिओनं त्याला फारसं उचलून धरलं नाही. मग 4 नोव्हेंबर 2015 ला इथे कंट्री म्युझिकवाल्यांचा मोठा पुरस्कार सोहळा झाला. त्या रात्री हा जस्टिन टिंबरलेकबरोबर मंचावर उभा राहून गायला. जस्टिन पॉपमधला बडा गायक, पण जन्म मेम्फिसचा, म्हणजे टेनेसीचाच. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. त्याच रात्री उत्कृष्ट अल्बम, उत्कृष्ट गायक आणि उत्कृष्ट नवोदित असे तिन्ही पुरस्कार त्याला मिळाले. एकाच वर्षात हे तिन्ही पूर्वी कुणालाच मिळाले नव्हते. चौदा वर्षं गावाला गाणी पुरवणारा माणूस नवोदित! पुढच्या आठवड्यात अल्बम यादीत परतला तो थेट पहिल्या क्रमांकावर, सुटी गाणी आणि ऑनलाइन ऐकणं हिशेबात धरून आठवड्याचा खप 1 लाख 77 हजार. फेब्रुवारीत दोन ग्रॅमीही मिळाले.

मला विचाराल तर हे यश त्या एका रात्रीचं नाही. अल्बममधल्या 14 गाण्यांपैकी 12 त्यानं लिहिलेली आहेत, काही एकट्यानं, काही मित्रांबरोबर. त्यातली काही बरीच जुनी. 'व्हिस्की अँड यू' तर टिम मॅकग्रॉनं 2007 मध्येच गायलं होतं. इथे ख्रिसनं ते फक्त एका गिटारवर गायलंय. शब्द तेच, पण आता कळतं की हे कुणाच्या पोटातून आलं होतं. एवढी वर्षं ही गाणी दुसऱ्यांच्या तोंडी ऐकताना त्याला काय वाटलं असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

धाकट्याच्या मोबाइलवर अख्खा अल्बम पाठवलाय. त्याच्या त्या छोट्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून ऐका, आणि पहिल्यापासून क्रमानं ऐका. नववं गाणं वडिलांवरचं आहे, तेव्हा आईलाही जवळ बसवा. तिसऱ्या गाण्याचे दोन स्वरमेळ पेटीवर काढून बघाल का? काळी दोनमध्ये तुमच्या गळ्याला बसेल असा माझा अंदाज आहे. जमलं तर रविवारी फोनवर ऐकवा. पोरांना मी तेवढा वेळ बाहेर पाठवते.

गुडघ्याचं तेल वेळेवर लावा. आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

आपली,
लेक