‘नंतर’च्या फोटोनंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘घरबसल्या काय पाहाल’ या चौकटीत ‘माय सिक्स हंड्रेड पाउंड लाइफ’ या अमेरिकन कार्यक्रमाची शिफारस वाचली. ओळी चारच होत्या, पण त्यात ‘प्रेरणादायी’ हा शब्द दोनदा आला होता. म्हणून हे पत्र. एरवी मी आपल्याला पाणीपुरवठ्याबद्दल लिहीत असते आणि ती पत्रं आपण छापत नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. टीएलसी वाहिनीवर २०१२ साली हा कार्यक्रम सुरू झाला. सहाशे पाउंड म्हणजे २७२ किलो. त्या आसपासच्या वजनाचा एकेक रुग्ण, त्याचं घर, त्याचा पलंग, मग टेक्सासमधल्या ह्यूस्टनपर्यंतचा गाडीतला जीवघेणा प्रवास आणि तिथे डॉ. युनान नौजरदान. मूळचे इराणी, वयाने आजोबा, बोलणं तुटक. ते रुग्णाला काट्यावर उभं करतात, दिवसाला बाराशे कॅलरींचा आहार लिहून देतात आणि आधी स्वतः वजन उतरवून दाखव, मग ऑपरेशनचं बघू, असं सांगतात. एका भागात साधारण वर्षभराची कहाणी उरकते.

हे मी लांबून नाक मुरडत लिहीत नाहीये. दोन वर्षं रोज रात्री मी हा कार्यक्रम पाहिला. मुलीने मोबाइलवर पहिला तुकडा दाखवला तेव्हा मला रडूच आलं. आपल्या मालिकांत आणि विनोदी कार्यक्रमांत जाडी बाई येते ती खुर्ची मोडायला. ती दारात दिसली की मागे पिपाणी वाजते. इथे पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासारखीला विचारत होतं, की बाई, हे कधीपासून सुरू झालं? आणि ती सांगत होती. पुष्कळांच्या सांगण्यातून लहानपणीचे अत्याचार निघायचे, घर मोडल्याच्या गोष्टी निघायच्या. खादाडपणा म्हणून जग ज्याला हसतं, त्याच्या खाली काय दडलेलं असतं हे कुणी निदान ऐकून तरी घेत होतं. त्याबद्दल त्या कार्यक्रमाचं माझ्यावर ऋण आहे, ते नाकारत नाही.

माझी उंची पाच फूट दोन इंच आणि २०१६ मध्ये वजन ११८ किलो होतं. मधुमेह, गुडघे, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा. त्या वर्षीच्या डिसेंबरात पुण्याच्या एका खासगी रुग्णालयात माझी ‘स्लीव्ह’ झाली. (मिरजेत राहून ऑपरेशनला पुण्याला कशाला, हे भाऊ अजून ऐकवतो.) या शस्त्रक्रियेत जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीचे महिने भुकेची आठवणच येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. मी जिना चढू लागले. त्यामुळे शस्त्रक्रियेबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी घाबरू नये, असंच मी सांगेन.

तक्रार आहे ती कॅमेऱ्याबद्दल.

त्या कार्यक्रमात जवळजवळ प्रत्येक भागात आंघोळीचं दृश्य असतं. रुग्णाचं अंग, त्याच्या वळ्या, त्या वळ्या उचलून पुसणारी आई किंवा नवरा. अवघड जागा धूसर केलेल्या असतात, तेवढीच मर्यादा. पहिल्या दहा-बारा भागांत मला वाटलं, ठीक आहे, लोकांना आमचे हाल कळू देत. पुढे लक्षात आलं की या दृश्याशिवाय भाग होतच नाही. रुग्ण बदलतो, आंघोळ बदलत नाही. मला सात वर्षं स्वतःच्या पायाची नखं कापता येत नव्हती. ती आमचे हे कापायचे. दार लावून. त्या लावलेल्या दारावर आमचा सगळा संसार उभा होता असं मला आज वाटतं.

यावर लोक म्हणतात, त्यांनी सही केली आहे ना? मग तुमच्या पोटात का दुखतं? दुखतं, कारण अशी सही मीही केली आहे.

नोटाबंदी होऊन महिना झाला होता. सरकारी दवाखान्यात जुन्या नोटा काही दिवस चालल्या, खासगी रुग्णालयांना ती सवलत नव्हती. बँकेतून आठवड्याला २४ हजार मिळत होते आणि आमची ठेव पतसंस्थेत अडकलेली. तेव्हा वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेला विमा मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. (२०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने नियम घालून दिला, की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, चाळीस किंवा त्याहून जास्त असेल, किंवा पस्तीस वा त्याहून जास्त असून सोबत गंभीर आजार असतील आणि इतर उपाय थकले असतील, तर ही शस्त्रक्रिया वगळता येणार नाही. माझा बीएमआय ४७ होता. तीन वर्षं आधी जन्मलेला रुग्ण म्हणा मला.) भरतीच्या खिडकीशी टाय लावलेला एक मुलगा आला. म्हणाला, “काकू, आपल्याकडे ‘आधी-नंतर’ योजना आहे. दोन फोटो द्यायचे, एक छोटी मुलाखत द्यायची, बिलात चाळीस हजार कमी.” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं आणि सही केली.

‘आधी’च्या फोटोसाठी मला घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालायला दिले. मी आयुष्यात साडी नाहीतर सैल पंजाबी ड्रेस सोडून काही घातलं नव्हतं. केस मागे ओढून बांधायला लावले, वर पांढरा दिवा सोडला आणि सांगितलं, काकू, हसू नका. चौदा महिन्यांनी ‘नंतर’चा फोटो झाला तेव्हा वजन ७४ होतं. केस सेट करून दिले, उंच टाचेच्या चपला दिल्या, बाजूने पिवळसर उजेड टाकला आणि सांगितलं, आता हसा. त्या दोन फोटोंमधला फरक किती जठराचा आणि किती दिव्याचा, हे आजतागायत मला ठरवता आलेलं नाही.

मग एके दिवशी सांगलीत मोफत तपासणी शिबिराचा फ्लेक्स लागला आणि त्यावर मी. आमच्याकडे फ्लेक्सवर यायला एक तर वाढदिवस लागतो नाहीतर दहावा. मी ज्या शाळेत क्लार्क होते तिथली नववीची पोरं खिडकीशी येऊन फक्त बघून जायची. बोलायची काही नाहीत.

कुणी म्हणेल, यात कायदा कुठे मोडला? कुठेच नाही. रुग्णाची ओळख पटेल असं छायाचित्र परवानगीशिवाय छापू नये, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. परवानगी होती. पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, हातात पैसे नसताना, ज्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी पोट द्यायचं त्यांच्याच माणसाला ‘नाही’ म्हणायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती. २७२ किलोच्या, पलंगाबाहेर न पडलेल्या बाईकडे ती असेल का? तिच्यासाठी कॅमेरा आणि डॉक्टर एकाच दारातून आत येतात.

अमेरिकेत या कार्यक्रमावरून २०२० मध्ये कोर्टात दावे गेले. आत्महत्या केलेल्या एका सहभागीच्या कुटुंबाने आणि इतर काहींनी निर्मिती कंपनीवर आरोप केला, की आम्हाला हवा तो मानसिक आधार दिला नाही. काहींचं म्हणणं होतं, की बिलं भरू असं सांगून भरली नाहीत. आरोपच आहेत, मी न्यायाधीश नाही. पण आपल्या चौकटीत या दाव्यांसाठी अर्धी ओळ हवी होती. ब्रिटनमध्ये एका टॉक शोमध्ये गेलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर २०१९ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला आणि ऑफकॉम या नियामक संस्थेने एप्रिल २०२१ पासून सहभागींच्या काळजीबाबत वाहिन्यांवर बंधन घातलं. होऊ शकतं, म्हणून सांगितलं.

आणि हे सगळं परदेशातलं असं म्हणून हात झटकू नयेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये मी घरी ताकाचं पाणी आणि डाळीचं कढण यावर दिवस काढत असताना, मराठी वाहिन्यांवर दिवसभर एकच दृश्य फिरत होतं. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून मालवाहू विमानाने आणलेली छत्तीस वर्षांची बाई, मुंबईत क्रेनने उचलली जाताना. वजन ५०० किलो असल्याचं सांगितलं जात होतं. ती पंचवीस वर्षं घराबाहेर पडली नव्हती, असं घरचे म्हणत. बाहेर पडली ती थेट सगळ्या जगासमोर. एप्रिलमध्ये तिच्या बहिणीने व्हिडिओ काढून आरोप केले, रुग्णालयाने ते फेटाळले आणि वाद शेवटी कशावर आला? किती किलो उतरले, यावर. मे महिन्यात तिला अबू धाबीला नेलं आणि २५ सप्टेंबरला ती तिथेच वारली. त्या दिवशीच्या बातमीतही तोच क्रेनचा तुकडा लावला होता. ती कुणाला पाहून हसली, काय मागून घेतलं, कोणत्या भाषेत रडली, यातलं काही मला आठवत नाही. क्रेन आठवते.

‘प्रेरणादायी’ शब्दाकडे परत येते. वर्षभरात गोष्ट संपवली की कोणतीही शस्त्रक्रिया प्रेरणादायीच दिसते. तिसऱ्या महिन्यापासून माझे केस मूठमूठ गळाले, ते कुणी शूट केलं नाही. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते, ती ब्लाउजच्या बाह्या लांब करून झाकते. बी-१२ ची इंजेक्शनं, लोह, कॅल्शियम हे जन्माचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. लग्नाच्या पंगतीत “अहो, एक जिलबी तरी” म्हणणाऱ्या विहीणबाईंना काय सांगायचं? एकदा मान ठेवून अर्धी वाटी बासुंदी घेतली आणि घाम, धडधड, पोटात कळा यांनी मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत तासभर पडून राहिले.

आणि वजन परत येतं. सगळ्यांचं सगळं येत नाही, पण येतं. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका स्पर्धेत, ‘द बिगेस्ट लूझर’मध्ये, ऑपरेशन नव्हतं, नुसता व्यायाम आणि उपास. २००७ मध्ये त्याची हिंदी आवृत्तीही आली होती. मूळ अमेरिकन स्पर्धेतल्या चौदा स्पर्धकांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. शरीर विश्रांतीत रोज अपेक्षेपेक्षा सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. त्यांचं नशीब एवढंच, की त्यांच्याकडे कुणी परत गेलं. शस्त्रक्रियेने वजन त्याहून बरं टिकतं हे खरं, पण माझं आज ८९ आहे. जिना चढते, मधुमेहाची एक गोळी परत सुरू झाली आहे, गुडघे बरे आहेत. ११८ च्या मानाने मी सुखी आहे. ७४ च्या त्या फोटोच्या मानाने मात्र मी नापास.

तो फोटो अजून फिरतो. काढून टाका म्हणून विनंती केली तर उत्तर आलं, की संमतीपत्रात मुदत लिहिलेली नाही. गेल्या दिवाळीत एका भाचीने तो मलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, मावशी, ही तूच का गं? प्रश्न ‘नंतर’च्या फोटोकडे बोट दाखवून होता.

आपल्याही पुरवणीत दर आठवड्याला असे जोडफोटो येतात, कधी जाहिरातीत, कधी लेखाच्या वेषात. ते बंद करा असं म्हणणार नाही, आपल्यालाही वर्तमानपत्र चालवायचं आहे. एवढंच करावं. ‘नंतर’च्या फोटोखाली तो शस्त्रक्रियेनंतर किती महिन्यांनी काढला ते छापावं, आणि पाच वर्षं झाली असतील तर त्या माणसाला फोन करून आजचं वजन आणि आजची परवानगी, दोन्ही विचारावं. फोनला दोन मिनिटं लागतात.

पत्र छापलंत तर माझं नाव घालू नये. फोटो जोडलेला नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक, मिरज
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर)