वेचणीच्या वहीवरून प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या सेतूवाल्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

आम्ही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवतो. उत्पन्नाचे दाखले आणि नॉन-क्रिमिलेअरचे अर्ज भरता भरता सीईटी दिलेल्या पोरापोरींची तुम्ही जी तयारी करून घेता, ती आम्हाला त्यांच्या वह्यांतून कळली. एरर आली की ती पोरं मान वळवून सरांना शोधत नाहीत. सरळ एररची शेवटची ओळ वाचायला लागतात. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चूक कोणत्या प्रकारची ते त्याच ओळीत लिहिलेलं असतं आणि ओळ क्रमांक तिच्या जरा वर. एवढं येत असलं तरी आमचा एक महिना वाचतो. त्याचे हे आभार. उघड लिहितोय, म्हणजे शेजारच्या गावात कुणाला हेच करायचं असेल तर त्याला तुमची रीत कळेल.

पहिले आभार तुम्ही जे शिकवलं नाही त्याचे. बारावी सुटली की पोरांना पायथन, जावा, वेबसाइट आणि वरून एआय, सगळं दोन महिन्यांत विकणारे पुष्कळ आहेत. तुम्ही जूनपासून आठ आठवडे फक्त पायथन घेतलं आणि शेवटचे तीन आठवडे सी. क्रम बरोबर आहे. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली आणलेल्या पायथनमध्ये पहिल्या दिवशी एका ओळीत उत्तर दिसतं. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये घडवलेल्या सीमध्ये मेमरी आपण सांभाळायची असते. अट, लूप (तेच काम पुन्हापुन्हा करून घेणं), फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा) एका भाषेत पक्कं झालं की दुसरीत नवं शिकायचं ते एवढंच उरतं.

सामानही तुम्ही बेताचं ठेवलं. चार जीबी रॅमचे दोन जुने संगणक, त्यांत थॉनी, म्हणजे पायथन लिहून चालवायचं सॉफ्टवेअर. पायथन त्याच्यासोबतच येतं, त्यामुळे एकदा पेनड्राइव्हवर आणलं की रेंजची वाट पाहावी लागत नाही. एकेक ओळ चालवून कुठल्या नावात (व्हेरिएबलमध्ये) काय किंमत आहे ते बाजूच्या चौकटीत दिसतं. लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून आधी सेव्ह, मग रन, ही सवयही तिथलीच. एका संगणकावर दोघं, एक टाइप करणार आणि दुसरा कागदावर तक्ता मांडणार, वीस मिनिटांनी अदलाबदल. भिंतीवरची तुमची पाटीही आमच्यापर्यंत पोचली: ‘आधी कागद, मंग कीबोर्ड.’

पण खरी कमाल वेचणीच्या वहीची. गेल्या हंगामातली कापूस वेचणीची वही समोर ठेवून कोणी किती किलो वेचलं, किलोला भाव किती आणि कुणाचे किती झाले, एवढंच काढायचं. यात जी चूक हमखास होते, ती तुम्ही मुद्दाम होऊ दिली. इनपुट या आज्ञेने टाइप करून घेतलेलं ३८ हे पायथनला आकडा वाटत नाही, अक्षरांची माळ वाटते. ३८ आणि ४२ ची बेरीज म्हणून ८० ऐवजी ३८४२ येतात. दहा रुपये भावाने गुणलं तर ३८० येत नाहीत. ३८ हीच अक्षरं दहा वेळा एकापुढे एक छापली जातात आणि बाईची मजुरी वीस आकडी होते! गंमत अशी की त्याच माळेत १० मिळवायला गेलं तर पायथन टाइप एरर (प्रकार जुळत नाहीत अशी एरर) देऊन थांबतं, गुणायला गेलं तर मुकाट्याने गुणतं. एरर न देणारी चूक जास्त महागात पडते, हे या एका उदाहरणात पोरांच्या डोक्यात बसतं. उपाय एका शब्दाचा: इनपुटला इंटमध्ये घालायचं, म्हणजे त्याची पूर्ण संख्या होते. साडेअडतीस किलो असेल तर दशांश चालणाऱ्या फ्लोटमध्ये, नाहीतर इंट तिथे व्हॅल्यू एरर देतं. (देवनागरीत टाइप केलेले आकडे इंटला चालतात, हे पाहून पोरं खूश होतात.)

मग तोच हिशोब लूपमध्ये, मग लिस्टमध्ये (किमतींच्या यादीत), मग फंक्शनमध्ये आणि शेवटी फाईलमध्ये. पावसाच्या दिवशी कोणी आलंच नाही तर सरासरी काढताना शून्याने भागलं जातं आणि प्रोग्राम कोसळतो. भागण्याआधी मजुरांची संख्या तपासायची, हे त्या कोऱ्या पानाने शिकवलं.

वहीतली नावं मराठीत ठेवू दिलीत, हेही फार बरं केलं. ‘वर्धा’ची लांबी पायथन ५ सांगतं, कारण व, र, हलन्त, ध आणि काना असे पाच युनिकोड संकेत (संगणकात प्रत्येक लिपीच्या चिन्हाला दिलेले क्रमांक) वेगवेगळे मोजले जातात. तोच शब्द यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते संकेत बाइटांत साठवायच्या पद्धतीत, सीच्या लांबी मोजणाऱ्या एसटीआरलेनला दिला तर १५ येतात, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. छापलेल्या तक्त्याचे रकाने वाकडे होतात ते यामुळे. विंडोजवर फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहायचं राहिलं तर मराठी नाव लिहिताना प्रोग्राम बहुधा एरर देऊन अडतो. अक्षर आणि बाइट एक नाहीत, हे बऱ्याच जणांना शेवटच्या वर्षातही माहीत नसतं.

आता एक तक्रार, राग मानू नका. सीसाठी त्या दुसऱ्या संगणकावर टर्बो सी हा जुना कंपायलर (सीचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) आहे, तो काढून टाका. त्यात इंट १६ बिटांचा असतो, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे जात नाही. वेचणीचे ४०,००० रुपये झाले तर उत्तर उणे २५,५३६ येतं आणि पोरगं आपलं गणित तपासत बसतं. हल्लीच्या कंपायलरमध्ये इंट बहुतेक ३२ बिटांचा असतो, २१४ कोटींपर्यंत चालतो. शिवाय तिथे पाठ केलेली क्लिअर स्क्रीन ही स्क्रीन पुसायची आज्ञा आमच्या लॅबमधल्या जीसीसी या कंपायलरमध्ये कंपाइलच होत नाही.

सीमध्ये आणखी दोनच गोष्टींवर जोर द्या. बेरीज ठेवायच्या नावात सुरुवातीला शून्य घालायचं, नाहीतर मेमरीत आधी पडलेला कचरा बेरजेत येतो. आणि आकडा वाचून घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये आकड्याच्या नावाआधी अँडचं चिन्ह (&) हवंच. ते नसेल तर कंपायलर फार तर वॉर्निंग देतो आणि चालवताना प्रोग्राम बहुतेक मरतो. म्हणून वॉर्निंगही एररसारखीच वाचायची.

गणिताचं थोडक्यात: बारावीचं पुस्तक रद्दीत जाऊ देऊ नका. पहिलाच धडा तर्कशास्त्राचा आहे, त्यातले सत्यता तक्ते डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला जसेच्या तसे लागतात. ‘पाऊस नाही आणि मजूर आहेत’ याच्या उलट ‘पाऊस आहे किंवा मजूर नाहीत’, हे ज्याला जमतं त्याची लूपची अट चुकत नाही.

या पत्रासोबत एका विद्यार्थ्याच्या हाती पेनड्राइव्ह पाठवतोय. त्यात कोड ब्लॉक्सचा, म्हणजे सी लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरचा, कंपायलरसकटचा इन्स्टॉलर आहे. त्याच नावाचा दुसरा, छोटा इन्स्टॉलर मिळतो, पण त्यात कंपायलर नसतो आणि बिल्ड करताना कंपायलर सापडत नाही म्हणून तो अडतो. तो घेऊ नका. दाखल्यांच्या फाईली ज्या संगणकावर आहेत, तिथे काही टाकण्याआधी त्यांची एक प्रत बाहेर काढून ठेवा. पेनड्राइव्ह परत पाठवायची घाई नाही.

तुमचे,
पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवणारे