कुंड्या पुरे झाल्या, आता वजनकाटे आणि पालापाचोळा द्या

शाळा-महाविद्यालयांत कचरा व्यवस्थापन शिकवायचं म्हटलं की मदत येते ती रंगीत कुंड्यांची. देणाऱ्यांचे आभार, पण आणखी कुंड्या नकोत. दिवसभर वेगवेगळा टाकलेला कचरा संध्याकाळी एकाच पोत्यात ओतला जातो, हे मुलांनी एकदा पाहिलं की पुढचं शिकवणं वाया. यंदा आमच्या समितीला हवंय ते मोजायचं आणि कुजवायचं सामान.

सुरुवात मोजणीपासून. सलग 5 दिवस वर्ग, कार्यालय आणि उपाहारगृहाचा कचरा ताडपत्रीवर पसरून निवडायचा आणि वजन करायचं. स्वच्छतागृहाचा नि प्रयोगशाळेचा कचरा यात नाही. सुया, फुटकी काच, रसायनं विद्यार्थ्यांच्या हाती जाता कामा नयेत. रिकाम्या बादलीचं वजन वजा करायचं राहिलं की आकडे फसतात. शिवाय प्लास्टिक वजनाला नगण्य, पण कुंडी तेच भरतं. म्हणून किती बादल्या भरल्या, तेही मोजायचं. प्रत्येक संस्थेसाठी 3 बाय 4 मीटरची ताडपत्री, 50 किलोचा ताणकाटा, 5 किलोचा छोटा काटा आणि जाड रबरी हातमोज्यांचे 20 जोड लागतील.

प्लास्टिकच्या तासाला सामान थोडंच: काचेच्या बरण्या, मजबूत कात्र्या, रिकाम्या बाटल्या झाकणांसकट. बाटलीवरचा त्रिकोण फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, पुनर्वापराची हमी देत नाही. बाटली आणि झाकण यांचे नखाएवढे तुकडे पाण्यात टाकले की झाकणाचे तरंगतात, बाटलीचे (पीईटी नावाचं प्लास्टिक, घनता पाण्याच्या सुमारे 1.38 पट) तळाशी जातात. कारखान्यातही हे दोन प्लास्टिक असेच वेगळे करतात. बाटलीचा तुकडा तरंगलाच, तर त्याला हवेचा बुडबुडा चिकटलेला असतो. भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ढवळलं की बुडतो.

खरी अडचण खतात आहे. शाळेतलं खताचं पिंप बंद पडतं ते बहुतेक वेळा सुक्या पाल्याअभावी. पानगळ थोडे दिवस चालते, पाला जाळला जातो, मग वर्षभर पिंपात नुसता ओला कचरा पडत राहतो. हवा खेळत नाही, वास सुटतो, आणि पिंप हलवायचा हुकूम येतो. एक बादली ओल्याला दोन बादल्या सुका पाला, हे प्रमाण सुटता कामा नये. मिश्रण मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा. आठवड्यातून एकदा उलथापालथ, तयार झाल्यावर 5 मिलिमीटरच्या जाळीतून चाळणी.

म्हणून प्रत्येक संस्थेला 200 लिटरची दोन पिंपं हवीत, एक भरत असताना दुसरं मुरतं. बाजूला आणि तळाला 8 ते 10 मिलिमीटरची भोकं आम्ही पाडून घेऊ. रसायनाची, रंगाची किंवा कीटकनाशकाची पिंपं मात्र धुऊनही चालणार नाहीत. सोबत पाल्याची निदान 20 पोती.

वस्तूंइतकीच वेळेची गरज आहे: प्रत्येक संस्थेत दोघं जण, आठवड्याला एक तास, 12 आठवडे. सुट्टीतही येऊ शकणारे आधी कळवा, कारण पिंपं वाळून जातात ती सुट्टीतच. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मोजणीचे तक्ते सांभाळले तर उत्तम. रोख देणगीतून फक्त काटे, हातमोजे आणि जाळ्या घेतल्या जातील, पावती मिळेल.

पाला ओला असेल तर दिवसभर उन्हात पसरा, मगच पोत्यात भरा. ओला भरलेला पाला पोत्यातच तापून कुजू लागतो आणि शाळेत पोचेपर्यंत कामातून जातो.